तहकूब: थांबलेली, पण न संपलेली सभा

१. पारावरचा प्रश्न

सभा तहकूब झाली, म्हणजे ती झाली की नाही झाली? ग्रामसभेच्या दिवशी गावोगावच्या पारावर हा प्रश्न हटकून निघतो. शिरूर तालुक्यातले पाबळ डोळ्यांसमोर आणावे. मस्तानीच्या समाधीमुळे आणि डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे हे गाव बाहेरच्या लोकांना माहीत असते. ग्रामसभेचा प्रश्न मात्र इथेही इतर कुठल्याही मोठ्या गावासारखाच. समजा, नोटीस फलकावर लागली, दवंडीही झाली, सरपंच आणि ग्रामसेवक वेळेवर येऊन बसले, पण समोर माणसे मोजून पस्तीस. थोडी वाट पाहून ‘कोरमअभावी सभा तहकूब’ असे जाहीर झाले. पुढे ठरलेल्या दिवशी पुन्हा तीच पस्तीस माणसे जमली. या वेळी मात्र सभा चालली, ठराव झाले आणि ते कायद्यातही बसले.

माणसे तेवढीच, मग आधी न चालणारी सभा नंतर कशी चालली? याचे उत्तर ‘तहकूब’ या एका शब्दात आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘ॲडजर्न’ हे क्रियापद आहे. सभेच्या कामकाजाचे बरेचसे नियम इंग्रजीतून मराठी दप्तरात आले, त्यामुळे दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले की गुंता सुटतो.

२. शब्दाच्या पोटातला दिवस

‘ॲडजर्न’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘जूर’ म्हणजे दिवस. भेटल्यावर फ्रेंच माणूस ‘बोंजूर’ म्हणतो, त्यातला ‘जूर’ तोच. ‘अ जूर’ म्हणजे ‘एका दिवसाकडे’ किंवा ‘अमुक दिवसासाठी’. म्हणून ‘ॲडजर्न’चा मूळ अर्थ ‘एखाद्याला किंवा एखाद्या कामाला दिवस नेमून देणे’ असा होता. रोजची नोंद ठेवायचे ‘जर्नल’ आणि मुळात एका दिवसाची मजल असा अर्थ असलेला ‘जर्नी’ हे याच शब्दाचे भाऊबंद. या सगळ्यांच्या मागे लॅटिनमधला ‘दिएस’ म्हणजे दिवस हा शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञ तो आणि संस्कृतातला ‘दिवस’ एकाच मुळाचे मानतात.

लिहिताना या शब्दात ‘डी’ हे अक्षर येते, पण इंग्रजी उच्चारात ते वेगळे ऐकू येत नाही. इंग्रज माणूस ‘अजर्न’ असे म्हणतो. मराठी बोलण्यात ‘ॲडजर्न’ रुळले आहे आणि त्याने अर्थ बिघडत नाही.

मराठीतला ‘तहकूब’ हा फारसी-अरबी वळणाचा, जुन्या राज्यकारभारातून आलेला शब्द. चालू काम थांबवून ठेवणे, लांबणीवर टाकणे हा त्याचा अर्थ. म्हणजे इंग्रजी शब्दाचा भर पुढच्या दिवसावर आहे, तर मराठी शब्दाचा भर थांबण्यावर. सभेच्या नियमांत दोन्ही भर एकत्र लागतात: काम थांबले आहे आणि ते पुढे कधीतरी याच ठिकाणाहून सुरू व्हायचे आहे. गोंधळ होतो तो दुसरा अर्धा भाग विसरल्याने. ‘तहकूब’ ऐकले की ‘संपले’ असे वाटते. शब्द मात्र ‘राहिले आहे’ असे सांगत असतो.

३. औत सोडले, रान राहिले

ही कल्पना शेतावरच्या उदाहरणाने सोपी होते. बैलांच्या नांगराने रान नांगरताना ऊन चढले की शेतकरी औत सोडतो. अर्धे रान नांगरलेले असते, अर्धे राहिलेले. दुसऱ्या दिवशी तो बांधापासून पुन्हा सुरुवात करत नाही. काल जे तास अर्धवट राहिले, तिथेच औत धरतो. दिवस दोन, पण नांगरट एकच. ट्रॅक्टर आला म्हणून हा हिशोब बदलत नाही.

तहकूब सभा म्हणजे सोडलेले औत. तिच्या आसपासचे, पण तिच्यापेक्षा वेगळे असलेले चार शब्द याच उदाहरणावर बसवता येतात.

पुढे ढकलणे: औत रानात नेलेच नाही, नांगरट पुढच्या आठवड्यावर टाकली. सभा भरण्याआधीच तिची तारीख बदलली, तर ती ‘पुढे ढकलली’. ती तहकूब झाली असे म्हणता येत नाही, कारण तहकूब व्हायला आधी माणसे जमावी लागतात.

विश्रांती: बैलांना पाणी पाजण्यापुरते औत थांबले, जू मानेवरच आहे. सभेत जेवणाची किंवा चहाची सुट्टी होते ती अशी.

रद्द करणे: नांगरटीचा बेतच सोडून दिला. रद्द झालेल्या सभेचे पुढे काही उरत नाही. तेच विषय घ्यायचे असतील तर नवी सभा बोलवावी लागते, नव्या नोटिशीसह.

संपणे: रान नांगरून झाले. विषयपत्रिकेवरचे सगळे विषय झाले, आभार मानले, अध्यक्षांनी सभा संपल्याचे जाहीर केले. यासाठी ‘तहकूब’ वापरणे चूक. इंग्रजीत मात्र थोडी ढिलाई चालते. दिवसभराचे काम आटोपून मंडळी उठली तरी ‘सभा ॲडजर्न झाली’ असे तिथे लिहितात, कारण नियमित भरणाऱ्या मंडळाची पुढची बैठक गृहीत धरलेली असते. मराठी इतिवृत्तात तो शब्द जसाच्या तसा उचलला की संपलेली सभा कागदावर अर्धवट राहते.

तहकुबीचे आणखी एक नेमके चित्र बुद्धिबळात होते. पूर्वी लांबलेला डाव दुसऱ्या दिवसावर नेताना पटावरची स्थिती लिहून ठेवत. ज्याची पाळी असे तो आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि ते पाकीट पंचांच्या ताब्यात जाई. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडून तीच चाल पटावर केली जाई. रात्र मध्ये गेली तरी डाव तोच राहावा, यासाठी ही खबरदारी. सभेत पाकिटाचे काम इतिवृत्त, म्हणजे गावच्या बोलीतले ‘प्रोसिडिंग’, करते.

४. कोरमचे गणित

सभा तहकूब होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गणपूर्ती न होणे. गणपूर्ती, म्हणजे कोरम, ही सभा चालण्यासाठी हजर असायलाच हवी अशी किमान संख्या. मूठभर लोकांनी सगळ्यांच्या नावाने निर्णय घेऊ नयेत म्हणून ती ठरवलेली असते. प्रत्येक संस्थेचे गणित वेगळे असते, आणि त्यात ‘कमी’ व ‘जास्त’ हे दोन शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात.

महाराष्ट्रात ग्रामसभेला गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ४०० मतदारांच्या लहान गावात १५ टक्के म्हणजे ६०, म्हणून कोरम ६०. मतदार ५,००० असतील तर १५ टक्के होतात ७५०, पण १०० हा आकडा त्याहून लहान असल्याने कोरम १००. साधारण ६६७ मतदारांपाशी दोन्ही आकडे जुळतात. त्यापुढे गाव कितीही वाढले तरी कोरम शंभरावरच थांबतो.

विधिमंडळात गणित उलटे आहे. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार राज्याच्या सभागृहाचा कोरम १० सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा एकदशांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य आहेत. एकदशांश होतो २८.८, माणूस अपूर्णांकात मोजता येत नाही, म्हणून २९. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. एकदशांश जेमतेम ७.८ भरतो, म्हणून तिथे १० ही संख्या लागू होते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेचा कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल तो. २४ घरांच्या सोसायटीत १६, तर ६० घरांच्या सोसायटीत २०. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०३ नुसार खाजगी कंपनीच्या सभेला दोन सभासद पुरतात. सार्वजनिक कंपनीला सभासदसंख्येप्रमाणे ५, १५ किंवा ३० लागतात.

कोरम नसेल तर अध्यक्षाने काय करायचे, हेही नियमच सांगतात. कंपनीच्या सभेत अर्धा तास वाट पाहायची. तरीही संख्या भरली नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी तहकूब होते. वार किंवा जागा बदलायची असेल तर सभासदांना किमान ३ दिवस आधी कळवावे लागते. सोसायटीतही अर्ध्या तासाची वाट आहे. त्यानंतरची वेळ मूळ नोटिशीत आधीच लिहिलेली असेल, तर सभा त्याच दिवशी घेता येते. म्हणून सोसायट्यांच्या नोटिशीखाली ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल’ असा एक ठरीव मजकूर असतो. जिन्यातल्या फलकावर तो वाचून अनेक सभासद सरळ अर्ध्या तासाने उगवतात, हा त्या ओळीचा न लिहिलेला परिणाम.

विधिमंडळासाठी संविधानाने दोन वाटा ठेवल्या आहेत. कोरम नसेल तर पीठासीन अधिकाऱ्याने सभागृह तहकूब करावे, किंवा कोरम होईपर्यंत बैठक स्थगित ठेवावी. दुसऱ्या वाटेत घंटा वाजते, बाहेरचे सदस्य आत येतात आणि काम पुढे सुरू होते.

५. तेवढ्याच माणसांत सभा कशी चालते?

आता पारावरच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या ग्रामसभेला कोरमची अट राहत नाही. सोसायटीचेही तसेच. कंपनीच्या तहकूब सभेत तर जे हजर असतील तोच कोरम मानला जातो.

ही पळवाट नाही, त्यामागे सरळ हिशोब आहे. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे प्रत्येकाला येण्याची संधी मिळालेली असते. ती वापरायची नाही असे बहुतेकांनी ठरवले आणि दर वेळी कोरमची अट तशीच राहिली, तर सभा कधीच होणार नाही. जे आले त्यांचे काम जे आले नाहीत त्यांच्यामुळे कायमचे अडेल. एखादा ठराव नको असलेल्या गटाला तर विरोधात बोलण्याचीही गरज उरणार नाही. घरी बसले की पुरे. म्हणून नियमाने मधला मार्ग काढला: गैरहजर राहून सभा एकदा अडवता येते, दुसऱ्यांदा नाही.

याची दुसरी बाजूही नियमाने सांभाळली आहे. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. नवा विषय आणता येत नाही. समजा, पाबळच्या मूळ नोटिशीत पाणीपुरवठा, रस्ता आणि शाळेची दुरुस्ती हे तीन विषय होते. तहकूब सभेला पस्तीस माणसे असताना कोणी गायरानाचा विषय काढला, तर तो घेता येणार नाही. घरी राहिलेल्यांनी तीन विषय वाचून ‘चालेल’ असे म्हटले होते. गायरानाचे त्यांना माहीतच नव्हते. कोरमची सूट आणि नव्या विषयाला बंदी या दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून निघतात. ही वेगळी सभा नाही, पहिलीच सभा पुढे चालू आहे. म्हणून तिला नवा कोरम नको आणि म्हणूनच तिला नवा विषयही नको.

या तत्त्वाला एक लक्षात ठेवण्याजोगा अपवाद आहे. सभा एकच असली तरी ठरावाची तारीख मागे जात नाही. कंपनी कायद्याचे कलम ११६ सांगते, की तहकूब सभेत झालेला ठराव ज्या दिवशी प्रत्यक्ष मंजूर झाला त्याच दिवशीचा मानायचा. नांगरट सोमवारी सुरू झाली असली तरी मंगळवारी नांगरलेले तास मंगळवारचेच.

सभासदांनी स्वतः मागणी करून बोलावलेल्या सभेला मात्र कोरमची ही सवलत नाही. अशा सभेला कोरम झाला नाही, तर कंपनीत ती रद्द ठरते आणि सोसायटीतही तिथेच बरखास्त होते. ज्यांनी हट्टाने सभा मागितली तेच आले नाहीत, तर तिला दुसरा दिवस कशासाठी द्यायचा, असा हा विचार.

६. तहकूब कोणी करायची?

कोरम नसेल तर अध्यक्षाला फारसा पर्याय नसतो. कोरम असताना मात्र सभा तहकूब करणे ही अध्यक्षाची मर्जी नव्हे. सर्वसाधारण तत्त्व असे, की सभेच्या संमतीने अध्यक्ष ती तहकूब करतो. प्रश्न अडचणीचा निघाला म्हणून अध्यक्ष उठून गेला, तर सभा संपत नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने हेच सांगितले: काम बाकी असताना अध्यक्षाने आपल्या मनाने सभा मोडली, तर उरलेले सभासद दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे नेऊ शकतात. हाणामारी किंवा मोठा गोंधळ झाला तर मात्र शांतता होईपर्यंत सभा थांबवण्याचा अधिकार अध्यक्षाला असतो.

सभेत दोन वेगळ्या गोष्टी तहकूब होऊ शकतात: सगळी सभा किंवा फक्त एका विषयावरची चर्चा. ‘रस्त्याचा विषय अंदाजपत्रक येईपर्यंत राहू द्या, पुढचा घ्या’ ही चर्चेची तहकुबी. अशी सूचना मांडणे हा सभासदाचा हक्क असतो. या हक्कावरून महाराष्ट्राच्या आणि देशाच्या इतिहासातली एक मोठी सभा उधळली गेली.

ती सभा म्हणजे १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला भरलेले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन. ते आधी नागपूरला व्हायचे होते, नंतर सुरतेला नेले गेले. आदल्या वर्षी कलकत्त्यात झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव मवाळ मंडळी सौम्य करतील, अशी जहालांना शंका होती. २६ डिसेंबरला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचे नाव सुचवले गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहिले, पण गोंधळ इतका झाला की त्या दिवशीचे काम थांबवावे लागले. सभा दुसऱ्या दिवसावर गेली. ही पहिली तहकुबी, अगदी नियमातली.

२७ तारखेला लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी दिली. अध्यक्ष निवडीच्या ठरावाला अनुमोदन मिळाले की आपल्याला बोलायचे आहे आणि एका विधायक सूचनेसह तहकुबीचा प्रस्ताव मांडायचा आहे, असा तिचा आशय होता. आधी दोन्ही पक्षांत तडजोड व्हावी, मग अध्यक्ष निवडावा, हा त्यामागचा हेतू. चिठ्ठीला उत्तर आले नाही. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले तेव्हा टिळक व्यासपीठावर गेले. निवड झालेली आहे, आता तुमची सूचना नियमबाह्य, असे त्यांना सांगण्यात आले. आपली सूचना वेळेत दिलेली आहे, आपण प्रतिनिधींसमोरच दाद मागू, असे म्हणून टिळक हात बांधून तिथेच उभे राहिले. मग मंडपातून एक जोडा व्यासपीठावर आला. तो सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या आणि काठ्या चालल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला आणि अधिवेशन बेमुदत तहकूब झाले.

दोन दिवसांत तहकुबीचे तीन प्रकार इथे दिसतात. २६ तारखेची दुसऱ्या दिवसापर्यंतची तहकुबी, टिळकांनी मागितलेली आणि नाकारलेली विषयाची तहकुबी, आणि शेवटची, दिवस न नेमलेली. ते अधिवेशन त्या रूपात पुन्हा भरलेच नाही. पुढल्या वर्षी मद्रासला राष्ट्रीय सभा भरली तेव्हा अध्यक्ष घोषच होते, पण टिळक तिथे नव्हते. ते मंडालेच्या शिक्षेवर होते.

७. बेमुदत तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन

सुरतेच्या अधिवेशनाला लावलेला ‘बेमुदत’ हा शब्द संसदेच्या बातम्यांत नेहमी येतो. इंग्रजीत त्यासाठी लॅटिनमधले ‘साइनी डाय’ हे शब्द तसेच ठेवले आहेत. त्यांचा अर्थ ‘दिवसाविना’. ज्या क्रियापदाच्या पोटातच दिवस आहे, त्याला ‘दिवसाविना’ हे क्रियाविशेषण लावायचे, अशी ही गंमत. औत सोडले, पण पुन्हा कधी धरायचे ते सांगितले नाही.

बेमुदत तहकुबीनेही अधिवेशन कायद्याने संपत नाही. लोकसभेचे अध्यक्ष बेमुदत तहकूब झालेली सभाही पुन्हा बोलावू शकतात. अधिवेशन कायद्याने संपवण्याचा अधिकार संसदेसाठी राष्ट्रपतींचा आणि राज्यासाठी राज्यपालांचा आहे. याला सत्रसमाप्ती किंवा अधिवेशन संस्थगित करणे म्हणतात. तिसरी पायरी विसर्जनाची. त्यात विधानसभाच मोडते आणि निवडणूक होते.

तिन्हींतला फरक प्रलंबित विधेयकावर तपासून पाहता येतो. विधानसभेत एका विधेयकावर चर्चा अर्धी झाली आहे असे समजू. सभागृह उद्यापर्यंत तहकूब झाले, तर उद्या चर्चा पुढे चालू. अधिवेशन संस्थगित झाले तरी विधेयक मरत नाही, पुढच्या अधिवेशनात घेता येते. विधानसभा विसर्जित झाली, तर तिच्यात पडून असलेले विधेयक तिच्याबरोबर संपते. औत सोडणे, हंगाम संपणे आणि रान विकणे, असे हे तीन प्रकार. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, ही मर्यादा संविधानाने घातली आहे. अधिवेशन आटोपले की मराठी वृत्तपत्रे ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ असा मथळा देतात. पाखडायचे धान्य उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या तहकुबीला सूप वाजत नाही.

हे शब्द किती वजनदार असतात ते २०१९ साली लंडनमध्ये दिसले. तिथल्या सरकारने संसदेचे अधिवेशन संस्थगित केले होते. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. म्हणजे संस्थगिती झालीच नव्हती. मग मधल्या दिवसांत संसद होती कोणत्या स्थितीत? दुसऱ्या दिवशी सभापतींनी दप्तरातली संस्थगितीची नोंद काढून टाकून त्या जागी ‘तहकूब’ अशी नोंद करायला सांगितले. एका शब्दाने ते अधिवेशन पुन्हा जिवंत झाले.

८. बोलण्यासाठी मांडलेली तहकुबी

विरोधी पक्षांनी ‘स्थगन प्रस्ताव’ मांडल्याच्या बातम्याही वाचकाला बुचकळ्यात टाकतात. सभागृहात बोलायला आलेले लोक सभागृह बंद करा असे का म्हणतात? लोकसभेच्या नियमांत ठरलेले काम बाजूला सारून दुसराच विषय मध्ये आणायला फारशी जागा नसते. ‘सगळे काम तहकूब करा, इतकी ही बाब गंभीर आहे’ असे म्हणणे हा त्यावरचा एक मार्ग. बाब निश्चित, तातडीची आणि सार्वजनिक महत्त्वाची असावी लागते. प्रस्तावाला हरकत आली, तर किमान ५० सदस्यांनी उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो. त्यात सरकारवर ठपका ठेवण्याचा भाग असतो, म्हणून राज्यसभेत हे साधन नाही. थोडक्यात, नाव थांबवण्याचे आणि काम बोलण्याचे.

न्यायालयातली ‘स्थगिती’ याहून वेगळी. ती एखाद्या आदेशाच्या किंवा कारवाईच्या अंमलबजावणीला मिळते. बांधकामाला स्थगिती मिळते, सुनावणी तहकूब होते.

९. कोर्टाची तारीख

शिरूरच्या न्यायालयात जमिनीच्या दाव्यासाठी खेटे घालणारा शेतकरी ‘ॲडजर्न’ हा शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘तारीख पडली.’ गंमत अशी, की मूळ फ्रेंच शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी भाषांतर हेच आहे. कामाला दिवस नेमून दिला. वकील ‘मुदतीचा अर्ज’ देतात तोही याच जातीचा.

दाव्याची सुनावणीही एकच असते, तारखा अनेक. एका साक्षीदाराची उलटतपासणी अर्धी राहिली, तर पुढच्या तारखेला ती तिथूनच पुढे चालते. ही सोय पक्षकारांना वेळ मिळावा म्हणून आहे. तिचा वापर वेळ काढण्यासाठी होऊ नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये मर्यादा घातली आहे: दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. तहकुबी देताना न्यायालयाने कारणे नोंदवायची आणि दुसऱ्या बाजूला खर्चही द्यायला लावायचा, असेही त्यात आहे. एका बाजूला तारीख हवी असली तरी दुसऱ्या बाजूचा दिवस, एसटीचे भाडे आणि रानातले काम वाया गेलेले असते.

१०. वाक्यात वापरताना

इंग्रजीत हे क्रियापद दोन्ही तऱ्हांनी चालते. अध्यक्ष सभा ‘ॲडजर्न’ करतो, आणि सभा आपली आपणही ‘ॲडजर्न’ होते. मराठीत हे काम ‘करणे’ आणि ‘होणे’ करतात: सभा तहकूब केली, सभा तहकूब झाली. पुढची वेळ सांगायची असेल तर इंग्रजीत ‘टिल’ किंवा ‘अनटिल’ जोडतात, किती काळासाठी ते सांगायला ‘फॉर’, आणि जागा सांगायला ‘टू’. मराठीत अनुक्रमे ‘सोमवारपर्यंत’, ‘अर्ध्या तासासाठी’ आणि ‘शाळेच्या पटांगणात’. जागेसह आलेल्या या क्रियापदाला इंग्रजीत एक हलकीफुलकी छटाही आहे. जेवण आटोपून मंडळी ओसरीवर ‘ॲडजर्न’ झाली, म्हणजे गप्पा तिकडे हलल्या. मराठी ‘तहकूब’ला ही छटा नाही. त्याचे नाम ‘तहकुबी’, आणि पुन्हा भरणारी ती ‘तहकूब सभा’.

या सगळ्याची कसोटी शेवटी प्रोसिडिंग बुकात लागते. कोरमअभावी थांबलेल्या ग्रामसभेची नोंद साधारण अशी असावी: ‘सकाळी १० वाजता ग्रामसभा सुरू झाली. ३५ मतदार हजर होते. गणपूर्तीसाठी १०० मतदार आवश्यक असल्याने व १०.३० पर्यंत गणपूर्ती न झाल्याने अध्यक्षांनी सभा तहकूब केली. तहकूब सभा पुढील सोमवारी सकाळी १० वाजता याच ठिकाणी याच विषयपत्रिकेवर घेण्यात येईल.’

यातला प्रत्येक तुकडा काही तरी सांभाळतो. ‘सुरू झाली’ने सभा पुढे ढकललेली नाही हे कळते. हजेरीचा आणि आवश्यक संख्येचा आकडा तहकुबीचे कारण देतो. वेळ लिहिल्याने वाट पाहिल्याचा पुरावा राहतो. सोमवार लिहिला म्हणून तहकुबी बेमुदत होत नाही, आणि ‘याच विषयपत्रिकेवर’ या शब्दांनी नव्या विषयाची वाट बंद होते. घाईत ‘तहकूब केली’च्या जागी ‘रद्द केली’ लिहिले गेले, तर सोमवारी जमणाऱ्या पस्तीस जणांची सभा ही कागदावर नवी सभा ठरते. तिला पुन्हा ७ दिवसांची नोटीस लागते आणि पुन्हा १०० माणसेही.